दोनशे चौदा सोडून रंगवायचं

मंदाबाई ओव्हाळ यांच्यावर अन्याय झाला तो चार वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलच्या जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, बिबवेवाडीच्या टेकडीखालच्या आमच्या गल्लीत, त्यांच्या स्वतःच्या दारासमोर. त्या वेळी त्या खराडीला होत्या, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत. दाराला कुलूप होतं. दाराचा रंग नवा होता. रंग मी दिला होता.

पत्रकात पहिल्या ओळीत एवढं सांगायचं असतं: कुणावर, कधी, कुठे. दुसऱ्या ओळीत, कुणी केला. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. या एका पत्रकाची दुसरी ओळ मला चार वर्षं लिहिता आलेली नाही.

एप्रिल परत आला आहे. मोठ्या रस्त्यावरचा बहावा पिवळा लोंबायला लागला, हातगाड्यांवर आंब्याच्या पेट्या चढल्या, दुपारी डांबर चपलेला चिकटतं. बाकीच्या पुण्याला या दिवसांत परीक्षा, पन्हं आणि लग्नाचे मुहूर्त आठवत असतील. मला ऑइल पेंटचा वास आठवतो. कुणी दुकानाच्या शटरला रंग लावत असला तरी मी आधी बघते, तो काय झाकतोय.

आमच्याकडे घराला रंग दिवाळीला नाही, जयंतीला. मार्च संपत आला की गल्लीत डबे उघडायचे. टर्पेंटाइनचा वास, चहाच्या फुटक्या कपात भिजत ठेवलेले ब्रश, फरशीवर अंथरलेल्या जुन्या साड्या. घरातलं सामान गल्लीत यायचं: गाद्या, शेगडी, टीव्हीवर टाकलेली चादर. त्या दोन दिवसांत कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसायचं, म्हणून आई आदल्या दिवशी डबे घासून ठेवायची. आमची बोटं आठवडाभर निळी असायची. जयंतीच्या सकाळी पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं, स्पीकरवर कुणीतरी सारखं हॅलो हॅलो करतंय, आणि प्रत्येक दार असं चकचकीत की हात लावायचा धीर होऊ नये. वर्षभर गळणाऱ्या पत्र्याखाली राहणारी माणसं त्या दिवशी नव्या घरात राहायची. नवं करणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही. दरवर्षी मी ते हाताने केलं होतं.

फक्त एक पथ्य होतं. नंबर सोडून रंगवायचं.

प्रत्येक चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर काळ्या रंगात एक नंबर होता. मी जन्मायच्या कितीतरी आधी कुठल्याशा सर्व्हेत तो घातलेला. पत्रे बदलले, दारं बदलली, घरातली माणसं गेली आणि आली, चौकट तीच राहिली. रंगवताना ब्रश नंबरापाशी आला की हात आवरायचा आणि चारी बाजूंनी सांभाळून वळसा घालायचा. दरवर्षी एक थर चढत गेला आणि नंबर तेवढा खाली राहिला. बोट फिरवलं तर कडा लागायच्या: पिस्ता, त्यावर गुलाबी, त्यावर आकाशी. मधल्या खळग्यात मूळ लाकडावरचे आकडे. आमचा दोनशे तेरा. शेजारी मंदामावशींचा दोनशे चौदा. का सोडायचा, ते मोठी माणसं सांगायची नाहीत. सोडायचा म्हणजे सोडायचा.

मंदामावशींच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आई आमचा भात उतरवायची. त्यांचं माहेर वाघोलीच्या पुढचं. तिथल्या शेतांत आता बारा-बारा मजली इमारती आहेत, आणि माहेरी कुणी उरलेलं नाही. नवरा गेल्यानंतर त्या एकट्या. सकाळी साडेसहाला दोन बस बदलून खराडीला जायच्या आणि संध्याकाळी पिठाचा वास घेऊन यायच्या. मला त्यांनी पोळी लाटायला शिकवली. मी त्यांना सही करायला शिकवली. सही त्यांना माझ्या पोळीपेक्षा बरी जमली, असं आई म्हणते.

त्या वर्षी गल्लीत तो शब्द आला होता. पुनर्विकास.

शब्द चांगला आहे. कागदावर भारदस्त दिसतो. मी स्वतः तो पत्रकात मागणी म्हणून लिहिला आहे, आणि आजही लिहीन. सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहण्यात कुणाला गंमत वाटत असेल तर त्याने येऊन उभं राहावं. पक्कं घर आम्हालाही हवं. माझं भांडण शब्दाशी नाही. तो कुणाच्या तोंडून कसा येतो, ते ऐकून मला भीती वाटायला लागली.

माझी कॉलेजची मैत्रीण मुग्धा. त्यांची सोसायटी त्याच वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली. तिने हे सांगितलं ते एखाद्याची मुलगी अमेरिकेला जावी तशा सुरात. आजोबांनी पेढे वाटले. गच्चीवर मीटिंगा झाल्या, कचोरी झाली, हॉलची फरशी चकचकीत असावी की मॅट यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. मग तिने सहज विचारलं, "तुमचापण होतोय ना? मस्तच." मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

आमच्याकडे हाच शब्द आवाज खाली आणून बोलायचे. 'वरच्या अंगाला पुनर्विकास आलाय म्हणे.' डेंग्यू आल्यासारखं. सासवा सुनांना सांगायच्या, फुटका माठ आत्ता बदलू नको, पुनर्विकास होऊ दे. मुलींची लग्नं पुनर्विकासानंतर. डोळ्याचं ऑपरेशन पुनर्विकासानंतर. आणि पलीकडच्या वस्तीतली जी घरं उठली, त्यांच्याबद्दल 'ते पुनर्विकासात गेले' असं म्हणून लोक विषय बदलायचे. कुठे गेले, ते कुणाला माहीत नसायचं.

माझ्या आईने तो शब्द पहिल्यांदा माझ्या पत्रकात वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हणाली, "पुन्हा विकास? पहिला कधी झाला? आपण कामावर गेलो होतो का तेव्हा?"

आम्ही खूप हसलो. मंदामावशी तर भिंतीपलीकडून हसल्या.

त्या एप्रिलमध्ये आमच्या तरुण मंडळाने ठरवलं, सगळी गल्ली एकाच रंगात. आकाशी दारं, पांढऱ्या चौकटी. मी त्यासाठी पत्रक लिहिलं. शेवटची ओळ होती: आम्ही नंबर नाही, आम्ही माणसं आहोत. ओळीला टाळ्या पडल्या. मी एकोणीस वर्षांची होते, आणि टाळ्या पडलेली ओळ खरीच असणार असं मला वाटत होतं.

रंगाच्या दिवशी मावशींना सुट्टी मिळाली नाही. सकाळी किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "सुजू, माझं बी दार उरकून टाक बाई, मला बस गाठायची हाय." गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर, बसच्या घाईत, मागे न बघता त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं.

"नंबर सोडून गं."

मी ऐकलं होतं. हे कुणालाही सांगायची आजवर माझी हिंमत झाली नाही. मी स्वच्छ ऐकलं होतं.

मावशींचं काम मला सगळ्यात चांगलं करायचं होतं. म्हणून नुसता हात मारला नाही. पॉलिशपेपर घेतला आणि चौकट घासली. आकाशी गेला, गुलाबी गेला, पिस्ता गेला, पट्टी एकसारखी झाली. नंबरही गेला, भुकटी होऊन माझ्या मनगटावर आला. खळग्यात पुट्टी भरली, ती वाळू दिली, वर पांढऱ्याचे दोन हात दिले. घासताना मी माझीच ओळ गुणगुणत होते. मग आमच्या दाराला सुरुवात केली, आणि ब्रश वरच्या पट्टीकडे जाताच आईने हात धरला. तिने ब्रश काढून घेतला आणि वळसा स्वतः घातला. ज्या ज्या घरात कुणी म्हातारं माणूस होतं, तिथे असंच झालं. मावशींच्या घरात हात धरायला कुणी नव्हतं. मावशी पोळ्या लाटत होत्या.

संध्याकाळी त्या आल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. लई छान झालंय म्हणाल्या. मग वर बघितलं. आत गेल्या, चहा ठेवला, मला कप आणून दिला. बशीत चहा सांडलेला होता. त्यांच्या हातून चहा कधी सांडत नाही.

जयंती झाली. खीर झाली. तिसऱ्या दिवशी सर्व्हेवाले आले.

दोन मुलं होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. गळ्यात ओळखपत्र, एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याकडे स्टीलची टेप. त्या टेपचा सर्रकन आत जायचा आवाज गल्लीभर पुढे सरकत होता आणि घराघरातून बायका फायली छातीशी धरून दारात येत होत्या. आमच्या दारावर त्याने नंबर बघितला, टॅबवर टाकला, आईचा अंगठा घेतला आणि पुढे सरकला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मावशींच्या दाराशी तो थांबला. कुलूप हलवलं. मी पुढे होऊन नाव सांगितलं, नंबर सांगितला. त्याने मान वर केली.

"कुठंय नंबर?"

"इथेच होता. मी रंगवला."

त्याने पट्टीवरून बोट फिरवलं. कुठेही कड लागली नाही. मी काम नीट केलं होतं.

"इथे तर सगळं नवीन दिसतंय."

"रंग नवीन आहे. घर जुनं आहे."

"ते आपण म्हणताय. आपण कोण त्यांच्या?"

मी शेजारी म्हटलं. तो म्हणाला, मग आपण राहू द्या, त्यांना बोलवा. मी फोन लावला. कॅन्टीनमध्ये कामाच्या वेळी फोन बाहेरच्या कपाटात ठेवावे लागतात. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो मुलगा वाईट नव्हता. सावलीला थांबला, आईने दिलेलं पाणी प्यायला, घड्याळ बघितलं, आणखी पाच मिनिटं दिली. मग टॅबवर बोट ठेवलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. तिथे लिहायचं काही नव्हतंच, समोर आलेल्या शब्दांतून एक निवडायचा होता. त्याने 'नवीन' निवडला. दुसऱ्याने लाल रंगाचा फवारा काढला आणि माझ्या पांढऱ्या पट्टीवर एक वेगळाच नंबर मारला. पट्टी इतकी गुळगुळीत होती की फवारा तिच्यावर धरला नाही. लाल ओघळ चौकटीवरून खाली आले.

यादी थंडीत लागली, विहाराच्या भिंतीवर. लोक बोटाने ओळी शोधत होते, सही जुळली नाही म्हणून कुणी रडत होतं, कुणी आपलं नाव दोनदा वाचत होतं. मावशींचं घर यादीत दोन ठिकाणी सापडलं. एका ओळीत: दोनशे चौदा, जागेवर आढळून आले नाही. दुसऱ्या ओळीत, त्या लाल नंबरापुढे: नवीन बांधकाम, अपात्र. एक घर होतं पण सापडत नव्हतं. दुसरं सापडत होतं पण असायला नको होतं. दोन्हींची किल्ली मावशींच्या कमरेला होती.

त्या आठवड्यात मी काळ्या रंगाची छोटी डबी आणली. जुन्या नंबराची जागा मला डोळे मिटून माहीत होती. चारच्या शेपटाचा झोकसुद्धा आठवत होता. स्टुलावर चढले. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला डबी उघडू दिली, ब्रश बुडवू दिला. मग म्हणाल्या, "उतर खाली. जे खरं हाय त्याला खोटं करून ठिवशील."

मी उतरले. त्यांनी परत तांदळात मान घातली.

त्यांनी मला आजवर एक शब्दही ऐकवला नाही. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात.

आम्ही पात्र ठरलो. गेल्या वर्षी आमचं घर पाडलं आणि आम्ही धनकवडीत भाड्याच्या खोलीत आलो. सगळी ओळ पडली. मावशींचं घर उभं आहे, कारण त्यांचं अपील चालू आहे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आता त्यांच्या घराची बाहेरची भिंत झाली आहे. तिचा गुलाबी रंग उन्हात विटतोय. तिच्यावर आमच्या कॅलेंडरचा खिळा आहे, फोडणीचा पिवळट डाग आहे, आणि माझी उंची दाखवणाऱ्या पेन्सिलच्या रेघा आहेत, आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा. गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा असतो. त्याचं बकेट जमिनीला टेकलेलं असतं, झोपलेल्या जनावराच्या तोंडासारखं. पलीकडच्या ओळीतली पोरं त्यावर चढून खेळतात. त्यांचा एक नवा खेळ आहे. एकाने पाटी घेऊन फिरायचं, बाकीच्यांनी घरं होऊन उभं राहायचं. जो बाद होतो त्याला पूर्वी आऊट म्हणायचे. आता म्हणतात, तू अपात्र. आणि ते पोरगं खरंच बाजूला जाऊन बसतं.

मावशी आता दाराला कुलूप लावत नाहीत. लावूच शकत नाहीत. एकदा कुलूप होतं तेव्हा काय झालं ते त्यांनी पाहिलंय. म्हणून माझी आई रोज सकाळी धनकवडीहून येते आणि मावशी खराडीहून परत येईपर्यंत त्यांच्या उंबऱ्याशी बसते. पात्र बाई अपात्र घर राखते. आईला बरं नसलं की मी बसते. आज मी बसले आहे. हे मी तिथेच लिहिते आहे, मांडीवर वही घेऊन. जेसीबीचा ड्रायव्हर मघाशी आला आणि इंजिन चालू करून गाडी थोडी पुढे घेतली. सावलीसाठी घेतली असणार. पण त्या आवाजाने कपाटातल्या वाट्या थरथरल्या, मी उठून दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि तो खाली उतरून बिडी पेटवेपर्यंत हलले नाही.  मग परत वही उघडली.

अपिलाच्या मागच्या तारखेला साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आवाजही चढवला नाही. म्हणाले, दोनशे चौदा जुन्या नोंदीत आहे, मान्य. बाईंचं नाव आहे, तेही मान्य. पण दोनशे चौदा म्हणजे हेच घर, याला पुरावा काय? शेजारचं दोनशे तेरा तर आता पाडलं, त्यावरून काही ठरत नाही. नंबर दारावर दिसणारा एक जुना फोटो आणा. एक पुरेल.

एक फोटो. आम्हाला वाटलं, एवढंच? गल्लीत इतकी लग्नं झाली, बारशी झाली, दरवर्षी मिरवणूक त्याच दारावरून गेली. आम्ही घरोघरचे अल्बम उघडले. प्रत्येक फोटोत माणसं आहेत. दार आहे, दारात उभं राहून हसणारी माणसं आहेत, आणि फोटो बरोबर त्यांच्या डोक्यांवर संपतो. आम्ही कधी कुणी नंबराचा फोटो काढला नाही. तो तिथे असणारच होता.

मग मला मुग्धा आठवली. रंगाच्या आधीच्या जानेवारीत आमच्या कॉलेजचा एक वर्गच्या वर्ग आमच्या वस्तीत आला होता, प्रोजेक्टसाठी, कॅमेरे घेऊन. मीच त्यांना फिरवलं होतं, अभिमानाने. मुग्धाने मंदामावशींचा दारातला फोटो काढला होता. तिने नव्या फ्लॅटमधली तीन खोकी उघडून जुनी हार्ड डिस्क शोधली आणि दुसऱ्या दिवशी मला फोटो दाखवला. फोटो सुंदर आहे. मावशींच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजता येते. कानामागची बट, कपाळावरचा पिठाचा ठिपका. आणि मागे आकाशी धुक्यात, डोक्याच्या वर, एक काळा डाग. मागचं सगळं मुद्दाम धूसर केलेलं होतं. तेव्हा सरांनी तसंच शिकवलं होतं म्हणे: माणूस उठून दिसला पाहिजे.

मुग्धा फोटो मोठा करत गेली, करत गेली. डाग मोठा झाला. आकडा झाला नाही. ती रडायला लागली. मी तिला रडू नको म्हणाले नाही. मला तिचा राग आला होता. मग लक्षात आलं की तिने फोटोत केलं तेच मी पॉलिशपेपरने केलं होतं, आणि दोघींनीही मावशींवरच्या मायेनेच.

तर आता दुसरी ओळ. अन्याय कुणी केला? ज्याने बाई कामावर असताना सर्व्हे लावला त्याने. ज्याने आमच्या आयुष्याला 'नवीन' आणि 'जुनं' यांतलं एकच निवडायला ठेवलं त्याने. आणि मी. माझं नाव मी त्यांच्या मागे लपवणार नाही.

आणि आता तुम्ही. तुम्ही कधीतरी आमच्याकडे आला होतात. प्रोजेक्टसाठी, आरोग्य शिबिरासाठी, फराळ वाटायला, निवडणुकीत, किंवा टेकडीवर फिरायला जाताना जवळची वाट म्हणून. तुम्ही आमचे फोटो काढलेत. आम्ही हसून उभे राहिलो, चहा दिला, आणि तुम्ही फोटो पाठवतो म्हणालात. पाठवले नाहीत, ते सोडून देते. ते फोटो तुमच्याकडे अजून आहेत, जुन्या फोनमध्ये, बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये, माळ्यावरच्या खोक्यात. आज काढा. उद्या नको. चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलच्या आधीचे बघा. आमचे चेहरे बघत बसू नका. चेहऱ्यांच्या वर, चौकटीच्या आडव्या पट्टीवर, रंगाच्या खळग्यात, काळ्या आकड्यांत दोनशे चौदा दिसतो का, ते बघा.

सुनावणी हा महिना संपायच्या आत आहे. दार उघडं आहे, आणि उंबऱ्याशी आई नाहीतर मी आहे. फोटो घेऊन या.